एडियस सोडायचं का? लग्न, कीर्तन आणि फिल्म एकाच मशीनवर करायची तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं

प्रश्न असा आहे: लातूर जिल्ह्यातला एक स्टुडिओ. गेली दहा-बारा वर्षं लग्नाचं मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग, एडियस या सॉफ्टवेअरवर चालतं. आता कीर्तनाच्या रेकॉर्डिंगची कामं यायला लागलीत, यूट्यूबसाठी गाणी करायची आहेत आणि पुढच्या वर्षी एक मराठी फिल्म थिएटरपर्यंत न्यायची आहे. प्रीमियर घ्यावं, दाविंची रिझॉल्व्ह घ्यावं, मॅक घेऊन फायनल कटवर जावं की थेट अ‍ॅविड शिकावं? बजेटमध्ये मशीन एकच बसतं.

आधी उत्तर देतो. एडियस लग्नांसाठी राहू द्या. त्याच विंडोज मशीनवर रिझॉल्व्हची स्टुडिओ आवृत्ती घ्या आणि कीर्तन, गाणी, फिल्मचं फिनिशिंग तिच्यावर न्या. प्रीमियरचं सबस्क्रिप्शन घ्यायचं ते समोरचा माणूस प्रीमियरचा प्रोजेक्ट मागत असेल तेव्हाच, तेवढ्या महिन्यांपुरतं. मॅकचा विचार इथेच संपतो, कारण एडियस मॅकवर चालत नाही आणि मशीन एकच आहे.

आता कारणं. निवड करताना बहुतेक जण सॉफ्टवेअरची यादी समोर ठेवतात आणि कुठल्यात जास्त इफेक्ट आहेत ते बघतात. बघायचं असतं ते वेगळंच: कार्डातून आलेली फाइल शेवटी कुणाच्या हातात जाणार, आणि त्या वाटेवर ती कुठे अडते. तुमच्याकडे तीन वाटा आहेत. लग्नाची फाइल पेनड्राइव्हवरून घरच्या टीव्हीवर जाते, कीर्तनाची यूट्यूबवर आणि फिल्मची थिएटरच्या सर्व्हरवर. तिन्ही वाटांवर अडण्याच्या जागा वेगळ्या आहेत.

पहिली अडचण सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच येते. आजचे मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये एच.२६५ रेकॉर्डिंग करतात, म्हणजे रंगाची जास्त माहिती असलेली पण घट्ट दाबलेली फाइल देतात. रंगाच्या कामाला ते उत्तम, पण ती फाइल उलगडताना साधं मशीन दमतं. ४:२:२ एच.२६५ उलगडण्याची सोय इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती ५० मालिकेपासून आली. ३० आणि ४० मालिकेतली महागडी कार्डंही इथे उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर नाही ना, ते बघा. 'एफ' म्हणजे त्यात अंगचं ग्राफिक्सच नाही. दुकानदार हजार-दोन हजार कमी सांगून हाच प्रोसेसर पुढे करतो आणि मग 'फोरके अडकतंय' म्हणून सॉफ्टवेअरला दोष जातो. वेगळं कार्ड लावलं की काही मदरबोर्ड अंगचं ग्राफिक्स बंद करतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करावं लागतं. त्यानंतर रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये डिकोड ऑप्शन्सखाली इंटेल क्विक सिंकवर खूण आहे का ते तपासा. काही कॅमेरे ४:२:२ मध्ये १०-बिट एच.२६४ देतात. ते इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरना झेपत नाही. तिथे एनव्हिडियाचं ५० मालिकेतलं कार्ड हवं, नाहीतर प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवाव्या लागतात.

रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती इथेच आडवी येते. विंडोजवर ती अशा ४:२:२ क्लिपचं चित्र दाखवत नाही, नुसता आवाज येतो किंवा 'मीडिया ऑफलाइन' असं लाल दिसतं. फाइल खराब झाली असं समजून लोक कार्ड रिकव्हरीला देतात. फाइल धडधाकट असते. मोफत आवृत्ती ३८४० × २१६० आणि ६० फ्रेमपर्यंतच एक्सपोर्ट करते आणि तिच्यात नॉइज रिडक्शन (अंधारातल्या चित्रातले दाणे काढण्याची सोय) नाही. रात्रीच्या हळदीचं शूटिंग करणाऱ्याला नॉइज रिडक्शनशिवाय भागत नाही. स्टुडिओ आवृत्तीची अमेरिकेतली किंमत २९५ डॉलर, एकदाच भरायची, आणि एक की दोन मशीनवर चालते. क्रॅक केलेली प्रत वापरू नका. व्हायरसचा धोका आहेच, पण रोजच्या कामात त्याहून मोठी अडचण अशी की ती अपडेट करता येत नाही. सहा महिन्यांनी नव्या कॅमेऱ्याच्या फायली आल्या की तुम्ही जुन्या आवृत्तीत अडकून पडता.

मशीनबद्दल थोडक्यात: रॅम ३२ जीबी किमान, ६४ असेल तर बरं. ग्राफिक कार्डाची मेमरी १२ जीबी. ६ जीबीच्या कार्डावर फोरके टाइमलाइनला टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावलं की 'जीपीयू मेमरी फुल' असा संदेश येऊन रेंडर थांबतो. सिस्टिम एका एनव्हीएमई डिस्कवर, कॅश आणि प्रॉक्सी दुसरीवर, आणि मूळ फुटेज साध्या हार्ड डिस्कवर दोन प्रतींत.

आता एडियस का ठेवायचं ते. लग्नात तीन-चार तासांचं फुटेज दोन-तीन कॅमेऱ्यांवरून येतं. सीमांतपूजन, हळद, मंगलाष्टका, सप्तपदी, सगळं क्रमाने लावून गाण्यावर बसवायचं असतं. एडियस वेगवेगळ्या कोडेकच्या (फाइल दाबण्याच्या पद्धतींच्या), वेगवेगळ्या फ्रेम रेटच्या क्लिप एकाच टाइमलाइनवर रेंडर न करता चालवतं, आणि या कामासाठी तो गुण सोन्यासारखा आहे. तुमचे रेडीमेड प्रोजेक्ट, बोटांना बसलेल्या की, हाताखालच्या पोरांचा सराव, हे सगळं तिथेच आहे. हायलाइटचं पाच मिनिटांचं गाणं तेवढं रिझॉल्व्हमध्ये रंगवायचं असेल तर एडियसमधून एएएफ (कटांची माहिती असलेली फाइल) काढून नेता येतं. तीन तासांचं अख्खं लग्न नेऊ नका, त्याचा मोबदला मिळत नाही.

कीर्तनाचं काम मात्र एडियसमधून काढून घ्या. दोन-अडीच तास अखंड, तीन कॅमेरे, त्यातला एक मागे ठेवलेला मोबाइल, आणि आवाज मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरवर. तक्रार ठरलेली: सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटच्या अभंगाला जुळत नाहीत. याला दोन वेगळी कारणं आहेत आणि उपायही दोन आहेत.

पहिलं कारण मोबाइल. तो ३० म्हणतो, पण उजेडानुसार फ्रेम रेट कमी-जास्त करतो. अशी फाइल थेट टाइमलाइनवर घेतली की चित्र हळूहळू सरकतं. शूटिंगआधीच ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा अ‍ॅप टाका, त्यात फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० बांधून ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे मंडपातल्या ट्यूबलाइट आणि हॅलोजनची पट्टीही मग सरकताना दिसत नाही. एलईडी भिंत असेल तर शटर थोडं पुढे-मागे करून बघावं लागतं, तिचा स्वतःचा रिफ्रेश वेगळा असतो. शूटिंग आधीच झालं असेल तर फाइल हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्या आणि मगच आत आणा.

दुसरं कारण घड्याळ. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची आतली घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. लाखात दोन भागांचा फरक धरला तरी ७,२०० सेकंदांत ०.१४४ सेकंद होतात, म्हणजे २५ च्या हिशोबाने साडेतीन फ्रेम. गवयाचं तोंड आणि आवाज यांतली तीन फ्रेमची फारकत डोळ्यांना कळते. रिझॉल्व्हमध्ये क्लिप निवडून मल्टिकॅम क्लिप (सगळे कॅमेरे एकत्र जुळवलेली क्लिप) बनवा, अँगल सिंक 'साउंड'वर ठेवा, आणि एकाच कॅमेऱ्याने तुकडे पाडलेल्या फायली असतील तर एकाच कॅमेऱ्याच्या क्लिप ओळखण्याच्या पर्यायावर खूण करा. मग शेवटच्या दहा मिनिटांत जा. टाळकऱ्याचा क्लोजअप शोधा. टाळाच्या दोन वाट्या एकमेकींना टेकतात ती नेमकी फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं टोक यांत किती फ्रेम आहेत ते मोजा. समजा तीन निघाल्या. मग आवाज ताणायचा नाही. बुवा एक अभंग संपवून निरूपणाला वळतात, तिथे क्षणभर शांतता असते, त्या तीन शांत जागी आवाज कापून प्रत्येक ठिकाणी एक-एक फ्रेम सरकवा. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि मृदंगाची थाप शेवटपर्यंत बोटावर बसते.

तीन कॅमेरे दोन तास म्हणजे सहा तासांचं फुटेज. प्रॉक्सी १०८०च्या बनवा. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी, दोन्हींत तासाला १६-१७ जीबी लागतात, म्हणजे १०० जीबीच्या आसपास. कॅशच्या डिस्कवर एवढी जागा हवी. आवाज यूट्यूबसाठी -१४ ते -१६ लफ्सच्या (आवाजाचा सरासरी मोठेपणा मोजण्याचं एकक) दरम्यान आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वोच्च टोक, -१ च्या खाली ठेवा. यूट्यूब -१४ पेक्षा मोठा आवाज खाली आणतं, त्यामुळे लिमिटरने दाबून मोठा केलेला गजर तिथे चपटा आणि बारीक वाटतो. टीव्ही चॅनलला द्यायचं असेल तर त्यांच्या पत्रकातला आकडा घ्या.

देवनागरी टायटलवर जरा थांबतो, कारण परदेशी परीक्षणांत हा मुद्दा कधी येत नाही आणि आपलं काम त्यावरच फसतं. कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्याच्या टायटलरमध्ये ही ओळ टाइप करा: 'दुसऱ्या तऱ्हेची स्थिती, कर्तृत्व, श्रीक्षेत्र, मुहूर्त, द्व्यर्थी'. चार गोष्टी बघा. 'ऱ्या' मधला र डोळ्याच्या पापणीसारखा जोडला गेला का. 'स्थिती'ची पहिली वेलांटी 'स्थ'च्या आधी आली का, की मध्येच घुसली. 'मुहूर्त'चा रफार 'त'वर बसला का. 'द्व्यर्थी'मध्ये पाय मोडलेला द दिसतो का. प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिनची निवड दिसत असेल तर ती 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न'वर न्या. रिझॉल्व्हमध्ये 'टेक्स्ट' आणि 'टेक्स्ट प्लस' ही दोन वेगळी साधनं आहेत. एकात अक्षर मोडलं तर दुसऱ्यात करून बघा, आणि अपडेट केल्यावर हीच ओळ पुन्हा तपासा. दोन्हींत जमत नसेल तर इंकस्केपमध्ये टायटल करून पारदर्शक पीएनजी आणा. इंकस्केप मोफत आहे आणि जोडाक्षरं बरोबर मांडतं.

श्रीलिपीसारखे जुने, युनिकोड नसलेले फाँट लग्नाच्या टायटलला वर्षानुवर्षं चाललेत आणि ते कुठेही मोडत नाहीत, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरंच असतात. पण तोच मजकूर सबटायटलच्या फाइलीत गेला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. फिल्मला सबटायटल लागणार, त्यामुळे फिल्मचं सगळं लेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा. मुक्त चालतो, मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर टीरो देवनागरी मराठी घ्या. दोन्ही मोफत आहेत.

आता फिल्म. इथे एडिटिंग आणि फिनिशिंग ही दोन वेगळी कामं आहेत हे मनात पक्कं करा. एडिटिंग म्हणजे कुठला शॉट, किती वेळ. फिनिशिंग म्हणजे लॉक झालेल्या कटावर मूळ फायली पुन्हा बसवणं, रंग, टायटल, मिक्स झालेला आवाज जोडणं, तपासणी आणि मास्टर, म्हणजे अंतिम प्रत, काढणं. पहिलं काम कुठेही होतं. तुमच्या फिल्मचा एडिटर मुंबईचा असेल आणि अ‍ॅविडवर बसत असेल तर त्याला तिथेच बसू द्या. अ‍ॅविड १९८९ पासून आहे, चार-पाच जण एकाच वेळी एका स्टोरेजवर काम करतात तेव्हा त्याच्या बिन लॉकिंगला (एक जण काम करत असलेल्या फोल्डरमध्ये दुसऱ्याला बदल करू न देणारी सोय) तोड नाही. पण एकट्या स्टुडिओने ते शिकण्यात वर्ष घालवण्याचं कारण नाही. फ्लेम, बेसलाइट, मिस्टिका ही नावं मोठ्या पोस्ट हाउसमध्ये ऐकाल. ती त्यांच्या मशीनवर, त्यांच्या माणसांकडून, ताशी भाड्याने घ्यायची साधनं आहेत. रिझॉल्व्हची मुळं ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंगाच्या कामात, आहेत, त्यामुळे तुमच्या टेबलावर फिनिशिंगसाठी तेच योग्य.

शूटिंगआधी एक निर्णय घ्या: फिल्म थिएटरला जाणार असेल तर २४ फ्रेमवर शूट करा. डीसीपीसाठी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरला द्यायच्या फिल्मच्या डिजिटल संचासाठी, सगळीकडे खात्रीने चालतो तो २४. २५ वर शूट करून २४ वर आणलं की दोन तासांची फिल्म पाच मिनिटांनी लांबते आणि आवाज चार टक्क्यांनी जाड होतो. २४ वर शूट करताना शटर अँगल १७२.८ अंश ठेवा, म्हणजे शटर १/५० होतं आणि दिवे लुकलुकत नाहीत. रिझॉल्व्हमध्ये पहिली क्लिप आत टाकण्याआधी प्रोजेक्टचा फ्रेम रेट २४ करा. एकदा मीडिया आला की तो आकडा बदलता येत नाही.

दुसरा निर्णय फायलींच्या नावांचा. काही कॅमेरे कार्ड फॉरमॅट केलं की पुन्हा सी०००१ पासून मोजायला लागतात. वीस दिवसांच्या शूटिंगमध्ये सी०००१ नावाच्या वीस फायली होतात. एडिटरकडून एक्सएमएल (कटांची यादी असलेली फाइल) आलं आणि रिझॉल्व्हने क्लिप जोडल्या की दौलताबादच्या किल्ल्यावरच्या शॉटच्या जागी पैठणच्या घाटावरचा शॉट बसतो, तोही नेमक्या तेवढ्याच लांबीचा. म्हणून कार्ड उतरवतानाच, एडिटिंगला एकही फाइल जाण्याआधी, नाव बदला: दिवस, कॅमेरा, कार्ड, मग मूळ क्रमांक. एडिटिंग सुरू झाल्यावर नावाला हात लावायचा नाही.

कट लॉक झाला की एडिटरकडून तीन गोष्टी मागा: एक्सएमएल किंवा एएएफ, टाइमकोड छापलेली संदर्भ फिल्म, आणि आवाजासाठी वेगळं एएएफ ज्यात प्रत्येक कटाला दोन्ही बाजूंनी किमान २४ फ्रेमचे हँडल, म्हणजे कटाच्या पलीकडचा जादा भाग, असतील. देण्याआधी त्याने टाइमलाइन सपाट करावी: नेस्ट (टाइमलाइनच्या आतली टाइमलाइन) उलगडून, मल्टिकॅम मोडून, प्लगइन काढून, जमेल तेवढं एका ट्रॅकवर. साधे कट आणि डिझॉल्व्ह नीट येतात. स्पीड रॅम्प, प्लगइनचे इफेक्ट, टायटल बहुतेक वेळा येत नाहीत. त्यांची यादी टाइमकोडसह कागदावर मागून घ्या. रिझॉल्व्हमध्ये संदर्भ फिल्म 'ऑफलाइन रेफरन्स क्लिप' म्हणून जोडा आणि कट-कट करत दोन्ही चित्रं ताडून बघा. दोन तासांच्या फिल्मला एक पूर्ण दिवस जातो. तो दिवस वाचवू नका. ग्रेडिंग झाल्यावर सापडलेला चुकीचा शॉट त्याच्या दुप्पट वेळ खातो.

डीसीपी डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बनतो. फ्लॅट १९९८ × १०८०, स्कोप २०४८ × ८५८, चित्राचा वेग कमाल २५० एमबीपीएस, म्हणजे दोन तासांची फिल्म जास्तीत जास्त २२५ जीबी. सगळ्यात जास्त चुका आवाजाच्या क्रमात होतात. डीसीपीत क्रम डावा, उजवा, मधला, एलएफई (जड, खालच्या आवाजाचा चॅनल), डावा सराउंड, उजवा सराउंड असा आहे. फिल्मचं मिक्सिंग करणारे बरेच स्टुडिओ डावा, मधला, उजवा, मग सराउंड आणि शेवटी एलएफई असा क्रम ठेवतात. न बदलता टाकलं की सगळे संवाद उजव्या स्पीकरमधून येतात. सहाही चॅनल वेगवेगळ्या फायलींत मागा आणि नावं वाचून जोडा. नंतर कुठल्याही जवळच्या थिएटरमध्ये सकाळच्या खेळाआधी पंधरा मिनिटं मागून पहिली रीळ, एक रात्रीचा प्रसंग आणि शेवटची नामावली चालवून बघा.

वीज. परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असतो आणि दुपारी वीज जाते, त्यामुळे याला टाळून चालत नाही. ग्राफिक कार्डासकट मशीन एक्सपोर्टच्या वेळी ४०० ते ५०० वॉट ओढतं. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. म्हणून एरवी तो तग धरतो आणि नेमका एक्सपोर्टला वीज गेली की मशीन बंद पडतं. १.५ केव्हीए घ्या. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे ९८ टक्क्यांवर वीज गेली तरी ती फाइल उघडत नाही. लांब काम आधी २०-२० मिनिटांच्या डीएनएक्सएचआर तुकड्यांत काढा, मग ते जोडून एमपी४ करा. वीज गेली तर एकच तुकडा पुन्हा काढावा लागतो. दुपारी लॅपटॉपवर रेंडर लावूच नका, तापला की वेग निम्म्यावर येतो.

पेनड्राइव्हची प्रत १०८०, ८-बिट एच.२६४, १६ एमबीपीएस ठेवा. १०-बिट एच.२६५ गावाकडच्या जुन्या टीव्हीवर चालत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, आणि या वेगाने ४ जीबी साधारण ३५ मिनिटांत भरतात. म्हणून विधींप्रमाणे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग करा.

एडियसवरून येणाऱ्याला रिझॉल्व्हची एक गोष्ट उशिरा कळते. त्याचा प्रोजेक्ट फोल्डरमधली फाइल नसतो, तो सी ड्राइव्हवरच्या डेटाबेसमध्ये असतो. विंडोज फॉरमॅट केलं की फुटेज शाबूत राहतं आणि दोन महिन्यांचं एडिटिंग जातं. सेटिंगमध्ये प्रोजेक्ट बॅकअप चालू करून त्याची जागा दुसऱ्या डिस्कवर द्या. त्याशिवाय रोज संध्याकाळी प्रोजेक्ट मॅनेजरमधून प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून ती डीआरपी फाइल फुटेजच्याच फोल्डरमध्ये ठेवा. नवी आवृत्ती टाकताना ती डेटाबेस अपग्रेड करू का विचारते. 'हो' म्हणाल्यावर जुन्या आवृत्तीत परत उघडता येत नाही. फिल्म चालू असताना अपग्रेड करू नका, मास्टर हातात पडल्यावर करा.